हा समीर कोण?

१ नोव्हेंबर, पहाटे ५.१०
आजपासून कादंबरी. तीस दिवस, पन्नास हजार शब्द. रोजचे सोळाशे सदुसष्ट. यूट्यूबवरचे सर म्हणतात, भराभर लिहा, मागे वळून पाहू नका आणि आपल्या आतल्या संपादकाला गप्प करा. चुका दाखवून दाखवून तोच लेखक मारतो. पटलं. माझ्यातला लेखक त्यानेच पंचवीस वर्षं दाबून ठेवला. नाहीतर गफूर हा काय नंदुरबारात फ्लेक्स छापत बसणारा माणूस आहे?

सकाळी ८
आतला संपादक आत बराच शोधला. सापडला नाही. चहाला बाहेर आलो तर तो काउंटरवर बसलेला. जाहेदा. माझी बायको. डी.एड., मराठीत वर्गात पहिली. तिच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय एकही बॅनर मशीनवर चढत नाही.
तिला सांगितलं, तीस दिवस माझी एकही चूक दाखवायची नाही. तिने विचारलं, कादंबरीतली की सगळीच? मी जोशात म्हणालो, सगळीच. तिने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, ठीक आहे. इतक्या लवकर मानेल असं वाटलं नव्हतं.

२ नोव्हेंबर
कथानक ठरलं. मिरच्या वाळवायच्या पथारीवरची प्रेमकथा. नायक आमीर, व्यापाऱ्याचा मुलगा. नायिका शबनम, मिरच्यांचे देठ खुडते. पहिल्या भेटीत दोघंही एकदम शिंकतात. असा सीन मराठीत कुणी लिहिला नसेल.
शब्द १,७१०. त्यात 'आक् छी' चाळीस वेळा.

५ नोव्हेंबर
स्पीड जबरदस्त. शबनम पान नऊवर वारली बहुतेक. आज तिच्या हातची खिचडी लिहून झाल्यावर आठवलं. मागे जाऊन बघणं नियमात बसत नाही. वाचक समजून घेईल.

७ नोव्हेंबर
दिवसभर बाजारात फिरलो. संध्याकाळी मशिदीतून निघताना कळलं, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात आफशीनची. आफशीन म्हणजे आमची मुलगी, सुरतला लॅबमध्ये नोकरीला आहे. चप्पल गुलाबी. जाहेदाला विचारलं, सकाळी दिसली नाही का? म्हणाली, दिसली.
बाईला शिस्त आहे, हे मानलं पाहिजे.

९ नोव्हेंबर
नायकाचं नाव आज आपोआप समीर झालं. जास्त शोभतं. बोटं स्वतःच टाइप करतात. सर याला 'फ्लो' म्हणतात.

११ नोव्हेंबर
धंद्यात किरकोळ अडचण. रूपचंदशेठच्या नव्या कापड दुकानाचा बॅनर घाईत जुन्या फाइलवर बनवला. ती फाइल श्रद्धांजलीची होती. 'भव्य शुभारंभ'च्या जागी 'भावपूर्ण शुभारंभ' गेलं आणि शेठच्या फोटोवरचा हार तसाच राहिला. सकाळपासून पांढरे कपडे घालून लोक दुकानावर. शेठची शहाद्याची आत्या रडतच रिक्षातून उतरली. शेठ स्वतः सगळ्यांना चहा देत उभे.
दुपारी माझ्याकडे आले. म्हणाले, "गफूरभाई, मी अजून जित्ता शे ना भो!"
मी म्हटलं, पण गर्दी किती झाली बघा. एवढी गर्दी कुठल्या उद्घाटनाला होते?
शेठ कपाळाला हात लावून गेले. विचारात पडले असावेत.

१२ नोव्हेंबर
शब्द कमी पडत होते म्हणून समीर स्टेशनवर उभा राहून गाड्यांचं पूर्ण टाइमटेबल वाचतो. ६४० शब्द. विरहाचा सीन आहे, चालून जातं.

१५ नोव्हेंबर
आमशा सरपंचांच्या वाढदिवसाचा बॅनर. 'कर्तव्यदक्ष'ऐवजी 'कर्तव्यभक्ष' छापलं गेलं. गावात दोन दिवस लागलेला होता. सरपंच स्वतः वाचत नाहीत, त्यांच्या पुतण्याने वाचून दाखवलं. फोनवर त्यांनी जे सुनावलं ते कादंबरीतही घालता येणार नाही.
मात्र विरोधी पॅनलने त्याच बॅनरच्या दहा कॉपी सांगितल्या आहेत. लेखणीत ताकद असली की असं होतं.

१६ नोव्हेंबर
घरात फार शांत वाटतं. जाहेदा हल्ली माझ्याशी जेमतेम बोलते. म्हणजे आधी जे बोलायची ते सगळं माझ्या चुकांबद्दलच होतं का? विचार करायला वेळ नाही. शबनमला आज मोठ्या भावाने घरात कोंडलंय. हा भाऊ मागे तिचा बाप होता असं अंधुक आठवतं.

२० नोव्हेंबर, सकाळी ७
आफशीनच्या निकाहची पत्रिका आज छापायचीच. सात डिसेंबर जवळ आला. मुलगा तौहिद, नवापूरचा. वडील सत्तारभाई, पोल्ट्रीवाले, सज्जन माणूस. पहाटेचे सोळाशे शब्द संपवून त्याच कॉम्प्युटरवर पत्रिका लिहिली. अकरा मिनिटांत.
जाहेदा जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "एवढी एक बघू द्या. मुलीची आहे."
मी नियमाची आठवण करून दिली. एकदा सूट दिली की संपादक पुन्हा मानगुटीवर बसतो. ती टोपण लावलेलं पेन घेऊन आत गेली.
पहिल्या पन्नास पत्रिका नवापूरला पाठवल्या. सोनेरी शाई. देखणं काम.

२२ नोव्हेंबर, दुपारी
सत्तारभाईंचा फोन. आवाज फार हळू. म्हणाले, "गफूरभाई, हा समीर कोण?"
मला आधी आनंदच झाला. कादंबरीची चर्चा नवापूरपर्यंत पोचली! म्हटलं, नायक आहे. फार जिद्दी मुलगा. शबनमसाठी तापी पोहून गेला.
मग म्हणाले, मग आमच्या तौहिदचं काय?
पत्रिका काढून पाहिली. 'आफशीन आणि समीर'. सोनेरी शाईत.

सायंकाळी
आफशीनला सुरतेत व्हॉट्सॲपवर पत्रिका मिळाली. तौहिदनेच पाठवली, खाली नुसतं प्रश्नचिन्ह. ती फोनवर आधी रडली, मग ओरडली, मग पुन्हा रडली. म्हणाली, लॅबमध्ये समीर नावाचा एक जण आहे अब्बू, आता मी त्याच्याकडे बघू कशी?
नवापूरला नातेवाईक जमलेत. कुणीतरी म्हणालं, बापाच्या हातून खरं तेच निघालं.
मला वाटलं, आता जाहेदा बोलणार. बावीस दिवसांचं एका दमात. ती पत्रिका हातात घेऊन पायरीवर बसली आणि स्वतःलाच म्हणाली, "मी हात धरायला पाहिजे होता."
तिने ओरडायला हवं होतं. हे त्याहून वाईट झालं.

२३ नोव्हेंबर
आज शब्द शून्य. सर म्हणतात एकही दिवस चुकवू नका. सरांना मुलगी नसावी.
जाहेदाला म्हटलं, बंदी उठवली. तिने लाल पेन काढलं, नवी पत्रिका लिहिली, तीनदा तपासली, मग मला वाचायला लावली. मोठ्याने, काना-मात्रांसकट. आशीर्वाद हा शब्द मी आजवर चुकीचा लिहीत होतो. दुकानाच्या पाटीवरही एक चूक आहे म्हणाली, सहा वर्षांपासून. मीच तेव्हा ऐकलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, नवापूर
सकाळच्या पॅसेंजरने दोघं निघालो. सोबत मिठाई, नव्या पत्रिका आणि पुरावा म्हणून कादंबरी. एकशे सत्तर पानं, प्रिंट काढून. जाहेदा म्हणाली, ही कशाला? मी म्हटलं, समीर कागदावरचा आहे हे कागदच सांगेल. खरं सांगायचं तर मनात होतं, लग्नही वाचेल आणि पहिला वाचकही मिळेल.
सत्तारभाईंच्या बैठकीत पंधरा माणसं. तौहिद कोपऱ्यात, मोबाइलकडे बघत. जाहेदाने सरळ सांगितलं, "हे कादंबरी लिहितात."
सत्तारभाईंनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. विचारलं, केव्हापासून? आणि डॉक्टर काय म्हणतात?
मी कादंबरी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शिंकांपाशी आतल्या बायका हसायला लागल्या. म्हटलं, चला, विनोद पोचतोय. मग त्यांनी मधलं कुठलंतरी पान काढलं. समीर टाइमटेबल वाचत होता. सत्तारभाईंनी भुसावळपर्यंतच्या गाड्या वाचल्या आणि थांबले. पुढच्या पानावर समीर तापी पोहून येतो आणि त्याची विजार कोरडीच असते. तौहिदने पहिल्यांदा मान वर केली. तो हसत होता.
पाच पानं वाचून सत्तारभाईंनी चष्मा काढला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पटलं, गफूरभाई. असा माणूस असूच शकत नाही."
सगळ्यांनी माना डोलावल्या. तौहिद उठून अंगणात गेला आणि आफशीनला फोन लावला. बोलताना दोनदा 'आक् छी' करून दाखवलं. पलीकडून हसल्याचा आवाज आला. जाहेदाने पदराने डोळे पुसले आणि मग तीही हसली. महिन्यात पहिल्यांदा.
निकाह सात तारखेलाच.

निघताना मी कादंबरी परत मागितली. अजून शेवट लिहायचाय. सत्तारभाई म्हणाले, राहू द्या. भावकी मोठी आहे, अजून कुणी कुणी विचारायला येईल. ज्याला समीरचा संशय येईल त्याला दोन पानं वाचायला देतो.
म्हणजे नवापुरात वाचक मिळतील. दोन पानांपुरते. त्याहून जास्त कुणाला लागणार नाहीत, असं सत्तारभाईंचं मत आहे. जाहेदा म्हणाली, दीडच पुरे.