नळाशी हिरवे, वाटेत लाल

३ मार्च
पाण्यातले जिवाणू मोजायची नवी डबी दादाच्याच नळावर तपासली. त्याचा पिण्याच्या पाण्याचा धंदा. समोरच्या शाळेला त्याच्या टाकीतून थेट नळ आहे. डबी मोबाइलला जोडायची, थेंबात रंग मिसळायचा, फोटो काढायचा. जिवंत जिवाणू हिरवे, मेलेले लाल. मोजणी तिथल्या तिथे! प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवून मोजायला दोन दिवस जातात.

नळाशी हिरवेच हिरवे. दादाला दाखवलं. "तुझं खेळणं बिघडलंय, बाई."

प्रयोगशाळेसाठी बाटली त्यानेच भरून दिली. माझं लक्ष पडद्यावर होतं.

५ मार्च
बशी कोरी, जिवाणूंचा एकही ठिपका नाही. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "डबी परत पाठवा."

दादाचा फोन — "मी काय म्हटलं होतं!"

६ मार्च
चैन पडेना. त्याच बाटलीतला थेंब डबीखाली धरला. सगळे लाल! संख्या जवळपास तीच, पण मेलेले. म्हणजे नळाशी जिवंत होते, नंतर बाटलीत मेले. क्लोरीनने? पण बाटलीतला क्लोरीन थांबवायलाच तर तळाशी पांढरी भुकटी घालतो आम्ही. ती गेली कुठे?

९ मार्च
दादाला विचारलं.

"ती होय? घाण वाटली, खळखळून धुतली. तुझ्याचसाठी गं!"

हसूच आलं. क्लोरीन टाकीत ओतून तो लगेच नळ सोडतो, हेही तिथेच पाहिलं. जिवाणू मरायला निदान अर्धा तास थांबायचं असतं, म्हटलं.

"मला कोण सांगणार? शिकलेली तू!"

या वेळी बाटली मी भरली.

११ मार्च
बशीभर ठिपके. डबीचा आकडा आणि बशीचा — उन्नीस-बीसचाच फरक! सर खूश. डबी राहणार.

अहवाल शाळेला जायला हवा. दादा म्हणतो, "आठवडाभर थांब, नीट करतो सगळं. घरचीच ना तू?" मुलं पाणी पितायत. पण त्याला खरंच माहीत नव्हतं. चार दिवस थांबेन, मी म्हणाले. मनाला पटलेलं नाही.

१२ मार्च
दादाकडे जेवायला. तहान लागली म्हणून कोपऱ्यातल्या जारखाली पेला धरला. आतून वहिनी ओरडली, "अगं, त्यातलं नको! ते विकायचं. आपलं उकळून ठेवलंय."

"कधीपासून उकळता?"

"धंदा सुरू झाल्यापासून! तुझ्या दादाचा दंडकच आहे."

उकळलेलं पाणी प्यायले. अहवाल तिथूनच पाठवला.