अनाम बालकाच्या कुंपणात जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
स्मृतिफलक व वसाहतदिन समिती,
हॅलोरन काउंटी, नेब्रास्का.

विषय : फोर्ट टॅलमन येथील कबरीच्या कुंपणात प्रवेश मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपले एकच उत्तर.

महोदय,

मी खाली सही करणार, व्हर्लीन कुबिचेक, राहणार वेस्कॉट, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, आपणास नम्रपणे कळवते की,

१. टेकडीवर आपल्या समितीने जो फलक बसवला आहे, त्यावर असे लिहिले आहे : "येथे १८५८ साली फोर्ट टॅलमन उभा होता. शेजारी लिलाकच्या झाडाखाली एका अनाम वसाहतकरी बालकाची कबर आहे. बालकाच्या मातेने अश्रू पुसून पश्चिमेची वाट धरली." किल्ला तेथे होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही. कबरीतले मूल मात्र माझे आहे. मुलगी होती. तिचे नाव मार्ला. आणि मी पश्चिमेला गेले नाही. मी खाली गावात गेले आणि निवृत्त होईपर्यंत शाळेतल्या मुलांसाठी बटाटे सोलत राहिले.

२. ती जमीन तेव्हा आमची होती. लग्नानंतर मी आणि माझे यजमान एल्डन तेथे एका जुन्या ट्रेलरात, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहत होतो. १९७५ च्या जानेवारीत बर्फाचे वादळ झाले, रस्ते बंद पडले आणि मार्ला घरातच जन्मली. सकाळपर्यंत होती. जमीन इतकी गोठली होती की कुदळ आत जाईना, म्हणून एल्डनने तिची पेटी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ठेवली. बर्फ वितळेपर्यंत ती तेथेच होती. मी त्या शेडकडे पाहायचे नाही म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीला चादर लावली होती. वसंतात त्याने लिलाकच्या शेजारी खड्डा खणला आणि ओढ्यातला एक धोंडा आणून ठेवला. नाव कोरायला बसला, पण त्याचा हात धजेना. पुढे करू म्हणाला. पुढे जमीनच विकावी लागली, आणि नंतर एल्डनही गेला.

३. आपल्या तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा त्यांना लिलाकचे झुडूप, एक खोलगट जागा आणि लोखंडी चुलीचे दार सापडले. बैलगाड्यांतून आलेल्या बायका लिलाकची मुळे ओल्या गोणपाटात बांधून आणत आणि दाराशी लावत, त्यामुळे माळावर लिलाक दिसला की तेथे जुने घर होते असे समजावे, असे त्यांनी भाषणात सांगितले. ते मीही मान्य करते. ह्या लिलाकचे मूळही ओल्या गोणपाटातूनच आले. ते मी सासूबाईंच्या परसातून पिकअप गाडीत मांडीवर धरून आणले होते. खोलगट जागा एल्डनने चक्रीवादळात लपायला खणली होती. चूल लिलावातली होती आणि भयंकर धूर करायची.

४. साक्षीदार म्हणून मी आपले उपाध्यक्ष व किराणा दुकानदार श्री. लाइल स्प्रेकर यांना भेटले. ते आमच्या ट्रेलरवर सामान पोचवायचे. ते म्हणाले, "अगं व्हर्लीन, मला सगळं आठवतंय ना! पण आता फलक बसलाय, तोही ओतीव धातूचा. शाळेच्या सहली येतात, जत्रा भरते. आता कशाला उकरून काढतेस?" महोदय, काहीही उकरू नये एवढेच तर माझे म्हणणे आहे. त्यांनी मला एक खरबूज फुकट दिले. ते मी घेतले, त्याची आता लाज वाटते.

५. आपल्या उत्तरात आपण कळवले की, कबरीविषयी हरकत घेण्याचा अधिकार नियमानुसार फक्त मृत वसाहतकऱ्याच्या वंशजांना आहे. मार्ला एक रात्र जगली. तिचे वंशज कोठून आणू, हे कृपया कळवावे.

६. कुंपण घालण्यापूर्वी मी रविवारी तेथे जाऊन बसत असे. आता कुलूप आहे, आणि जाळीतून फुले टाकू नयेत अशी पाटीही आहे. वर्षातून एकदा, वसाहतदिनी, कुलूप उघडते, आणि कार्यक्रमात फलकावरच्या मातेची भूमिका करणारी बाई तेवढी आत जाऊन गुडघे टेकते व फुले ठेवते. गेली काही वर्षे ही भूमिका दंतवैद्यांची सून केल्सी करते. मुलगी गुणी आहे, खरोखरीच रडते. मागच्या वर्षी कार्यक्रमानंतर माझा हात धरून म्हणाली, "आजी, तुम्ही दरवर्षी पहिल्या रांगेत असता. तुम्हाला इतिहासाची फारच आवड दिसते!" मी हो म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

७. फलकावरील मजकूर बदलावा, ही माझी मागणी मी ह्या अर्जाद्वारे मागे घेत आहे. धोंड्यावर नाव कोरण्याची मागणीही मागे घेते. मी थकले आहे. केल्सीला जूनमध्ये बाळ होणार असून तिला यंदा काम करता येणार नाही, असे कळले. सगळे सुखरूप होवो. तरी, रिकाम्या झालेल्या मातेच्या भूमिकेसाठी माझा विचार व्हावा, अशी विनंती आहे. माता तरुण असावी अशी आपली अट आहे, याची मला जाणीव आहे. तथापि, त्या काळची झालरीची टोपी पुढे ओढून घेतली की चेहरा कोणाला दिसत नाही. मी घालून पाहिली आहे. गुडघे टेकता येतात, उठवायला मात्र कोणीतरी लागेल. फुले मी माझी आणीन. पश्चिमेची वाट धरून चालू लागायचे, तेही गाडीतळापर्यंत जमेल.

फलकावर बालक अनाम आहे, हे मी विसरणार नाही. प्रयोगाच्या वेळी मी तिचे नाव मोठ्याने घेणार नाही, अशी लेखी हमी देते.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
व्हर्लीन कुबिचेक

वेस्कॉट, दिनांक २ मे २०२३

सोबत : स्वतः शिवलेली झालरीची टोपी, एक. अर्ज नामंजूर झाल्यास ती केल्सीच्या नंतर जी कोणी माता होईल तिला द्यावी.