तळघराची चावी एका दुपारपुरती मिळण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ प्रशासकीय इमारत, दुसरा मजला.

विषय : प्रादेशिक व सांस्कृतिक अभ्यास विभागाची कुलूपबंद खोली आज दुपारी उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : १) निर्लेखन समितीचा निर्णय. २) माझे यापूर्वीचे पाच अर्ज व त्यांना आलेली तीन उत्तरे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविते की, मी या विद्यापीठात सव्वीस वर्षे सहायक ग्रंथपाल असून त्यांपैकी एकोणीस वर्षे प्रादेशिक व सांस्कृतिक अभ्यास विभाग एकटी सांभाळते. विभाग ग्रंथालयाच्या तळघरात, पाण्याच्या पंपाला लागून आहे. पंप सुरू झाला की बोलणे थांबवावे लागते. वरच्या मजल्यावरचे सहकारी विभागाला 'अडगळ' आणि मला 'अडगळबाई' म्हणतात. त्याबद्दल तक्रार नाही. एकोणीस वर्षांत माणूस कशालाही ओ देऊ लागतो.

२. विभागात नदीवरच्या नावाड्यांच्या बोलीच्या एकसष्ट कॅसेटी आहेत. पूल झाला, होड्या बंद पडल्या, नावाडी पोटामागे चहूकडे पांगले आणि ती बोली घराघरांतून नाहीशी झाली. त्याआधी आपल्याच एका प्राध्यापकांनी काठावर मुक्काम ठोकून हे ध्वनिमुद्रण केले व त्यावरून शब्दकोश छापला. सर आता हयात नाहीत. त्यांचे शिष्य निर्लेखन समितीचे अध्यक्ष आहेत. हे केवळ माहितीस्तव.

३. चार वर्षांपूर्वी उपाहारगृहातल्या पोळ्या करणाऱ्या बाई आपल्या सासूबाईंना घेऊन खाली आल्या. "आमच्या आत्याबाईंच्या माणसांचे आवाज तुमच्याकडे आहेत म्हणे," त्या म्हणाल्या. मी आजींना सतरावी कॅसेट लावून दिली. तीत सर प्रश्न विचारतात आणि एक तरुण नावाडी उत्तरे देतो. तो आजींचा थोरला भाऊ निघाला. तो वारल्याला बावीस वर्षे झालेली. आजी रडतील म्हणून मी पाण्याचा पेला भरून ठेवला होता. आजी दोन मिनिटे कान देऊन ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "धडधडीत खोटं बोलतोय मेला."

४. झाले होते ते असे. सर भाबडे होते. जे ऐकतील ते लिहून घ्यायचे. नावाड्यांनी त्यांची चार महिने थट्टा केली. सर शब्द विचारत, आजींचे बंधू गंभीर चेहऱ्याने भलताच अर्थ सांगत आणि मागे बसलेले बाकीचे तोंडात पंचा कोंबून हसू दाबत. कॅसेटीत ते खोकल्यासारखे ऐकू येते. सरांनी प्रस्तावनेत 'नावाड्यांमध्ये श्वसनाचे विकार बळावलेले दिसतात' असे खेदाने नमूद केले आहे.

५. तेव्हापासून दर गुरुवारी सून कामाला लागली की आजी माझ्याकडे येऊन बसत. तीन वर्षांत आम्ही एकशे त्रेचाळीस शब्दांचे खरे अर्थ वहीत उतरवले. त्यांतला एक शब्द 'तिरवाण'. कोशात त्याचा अर्थ 'सुखरूप पैलतीरी पोचल्याचे समाधान' असा आहे. महोदयांना ठाऊकच आहे की हाच शब्द विद्यापीठाने नव्या सभागृहाला दिला असून तो प्रवेशद्वारावर पितळी अक्षरांत आहे. आजींच्या सांगण्यानुसार तिरवाण म्हणजे गळकी होडी. रंग देऊन काठावर उभी करायची, पाहुण्याला कौतुकाने दाखवायची, पण आपण तीत पाय ठेवायचा नाही.

६. गेल्या वर्षी समितीने कॅसेटींचे निर्लेखन करण्याचे, म्हणजे त्या यादीतून कमी करून रद्दीत देण्याचे ठरवले. कारणे दोन. कोश छापलेला असल्याने कॅसेटी अनावश्यक, आणि त्यांचा वापर शून्य. मी वापर-नोंदवही सादर केली. तीत आजींच्या एकशे एकोणतीस सह्या आहेत. (सही करायला त्या याच टेबलावर शिकल्या.) उत्तर आले की सभासद क्रमांक नसल्याने सह्या ग्राह्य नाहीत. आजींसाठी सभासदत्व मागितले, तेव्हा पदवीचे प्रमाणपत्र जोडण्यास सांगण्यात आले. तज्ज्ञ म्हणून मान्यता मागितली, तर प्रकाशित साहित्याची यादी मागवण्यात आली. मी कळवले की, आजींच्या घरच्यांच्या तोंडचे शब्द घेऊनच आपले प्रकाशित साहित्य तयार झाले आहे. त्या पत्राला उत्तर आले नाही.

७. अखेर मा. उपकुलसचिवांनी सुनावणी लावली आणि आजींना समक्ष आणण्यास सांगितले. त्या दिवशी आम्ही तिघी सभागृहावरून गेलो. आजींनी सुनेला पितळी अक्षरे वाचायला लावली. ऐकून त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ हलत राहिल्या. वर कचेरीत उपकुलसचिव आणि समितीचे अध्यक्ष होते. अध्यक्षांनी आजींना खुर्ची दिली, स्वतः चहाचा कप पुढे केला, आणि अदबीने विचारले, "आजी, आमच्या सरांनी तिरवाणचा अर्थ सुखरूप पैलतीर असा दिलाय. बरोबर आहे ना?"

८. आजींनी त्यांच्याकडे पाहिले. मग अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "अगदी बरोबर. तुमचे सर देवमाणूस होते." सूनबाईंना खोकल्याची उबळ आली म्हणून त्यांना बाहेर जावे लागले. इतिवृत्तात 'माहितीदात्या महिलेने कोशातील अर्थास दुजोरा दिला' असे आले आहे. त्याआधारे गेल्या सोमवारी माझ्या खोलीला मालमत्ता विभागाने कुलूप घातले. तेथे सभागृहाच्या जादा खुर्च्या ठेवायच्या आहेत.

९. खाली उतरताना मी आजींना रागानेच विचारले, "असं का केलंत? मी तोंडघशी पडले." आजी म्हणाल्या, "बाई, तो बिचारा आपल्या गुरूवर जीव लावून बसलाय. त्याच्या तोंडावर कसं सांगू? आणि आमच्या दादानं उभी केलेली थट्टा मी एकटीनं कशी मोडू? आमचं दुसरं काही राहिलंय का उभं?" सभागृहाचे नाव बदलावे अशी माझी मागणी पूर्वी होती. ती मी या अर्जाद्वारे मागे घेते. सात महिन्यांनी मी निवृत्त होत आहे. भांडण्याची ताकदही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

१०. तथापि, आज एक वेगळीच अडचण उभी राहिली आहे. पितळी अक्षरांची गोष्ट आजींनी एका नातलगाला फोनवर सांगितली, त्याने दुसऱ्याला. आज दुपारी एक वाजता माझ्यासमोर अकरा माणसे येऊन उभी राहिली. सर्व सत्तरीच्या पुढची, तीन वेगवेगळ्या गावांहून आलेली. त्यांपैकी दोघे सख्खे चुलतभाऊ असून पुलानंतर आजच एकमेकांना भेटले. एकजण म्हणतात की सतराव्या कॅसेटीत मागे हसणारा तो मीच. मंडळींनी आधी सभागृहासमोर उभे राहून फोटो काढून घेतला. सुरक्षारक्षकाने काढून दिला, कारण त्याला ते पाहुणे फार आनंदी वाटले. आता ती सर्व तळघराच्या जिन्यात पायरीपायरीवर बसली आहेत आणि त्या बोलीत बोलत आहेत. महोदय, मी एकोणीस वर्षे ही बोली कॅसेटीत ऐकली. जिवंत माणसांच्या तोंडून, एकमेकांचे बोलणे तोडत, भांडत, ती आज पहिल्यांदा ऐकली. मला निम्मे कळत नाही. वही नवी घ्यावी लागेल.

११. मालमत्ता विभाग म्हणतो, आपल्या सहीशिवाय चावी मिळणार नाही. कॅसेटींचे पुढे काय करायचे ते समितीने ठरवावे. मी फक्त आजची दुपार मागते. चावी मिळाल्यास पंप बंद ठेवण्याची व्यवस्था मी स्वतः करीन. मंडळींची परतीची बस सव्वापाचला आहे. आता पावणेतीन वाजले आहेत.

उत्तराची वाट पाहत बाहेरच्या बाकावर बसलेली,

आपली नम्र,
(सही)
सहायक ग्रंथपाल

दिनांक : आजचाच, गुरुवार.

सोबत :
१) दुरुस्ती-वही, एकशे त्रेचाळीस नोंदी (छायाप्रत. मूळ वही आजींच्या मांडीवर आहे.)
२) आलेल्या मंडळींची यादी, सह्या व अंगठ्यांसह. सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा आहे.