चौथं जोडपत्र

गिरगाव, मुंबई
मार्गशीर्ष शुद्ध ९, शके १८२०

प्रिय हरेश्वर यास रघुनाथाचा सप्रेम नमस्कार.

इथे सगळे खुशाल. माझा दमा जागच्या जागी आहे. तुमची खुशाली पुतळावहिनींकडून कळते. शुक्रवारी त्यांची मासळीची पाटी आमच्या दारी उतरते, आमची रमाबाई सरंग्याच्या भावावरून त्यांच्याशी भांडते, आणि मग दोघी तासभर गप्पा मारत बसतात. प्लेगमध्ये ओस पडलेल्या खोल्या पुन्हा भरल्या आहेत. शेजारी नवं बिऱ्हाड आलंय, त्यांचा पोपट दिवसभर शिव्या देतो.

गिरगावातून कुलाब्याला ट्रामने कितीसा वेळ, त्यासाठी पत्र कशाला, असं म्हणशील. तीनदा आलो रे. कोळीवाड्याच्या तोंडाशी उतरलो, वलांडीवर सुकत घातलेले बोंबील बघत उभा राहिलो आणि परतलो. समोर बसून बोलायची छाती नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या शुक्रवारी वहिनींनी पाटी उतरवलीच नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या दोस्तानं धाकल्या भावाचा, लहूचा अर्ज फाडला. तारमास्तरची परीक्षा द्यायची नाय बोलतो. तिकडं युरपात सगल्या सरकारांची पंचायत बसली, तिनं सांगितलं ना कोळ्याला तारंतलं काय कळत नाय, मंग माझ्या भावानं कशाला जायचं मान खाली घालायला?" एवढं बोलून त्या तशाच पुढे गेल्या. रमाबाई मला म्हणाली, "तुम्ही का पांढरे पडलात?"

यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या हाताने ओळीने लिहून काढतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या व्यापारी मंडळात गोंधळ उडाला होता. व्यापारी परदेशी तार करताना पैसे वाचवायला एका सांकेतिक शब्दात अख्खं वाक्य कोंबतात. आता युरोपातली तारपरिषद म्हणत होती की, आम्ही छापलेल्या यादीतलेच शब्द वापरा. त्या परिषदेत बसतात सरकारं. व्यापाऱ्यांना तिथे दारही नाही. जे म्हणायचं ते अर्जात लिहून तारखात्याकडे द्यायचं, खात्याने पटलं तर पुढे धाडायचं. तो अर्ज लिहिणारा कारकून मी.

आणि तू तारमास्तर. गिरगावच्या खोलीत चहा पिताना म्हणालास, "रघ्या, ती यादी करणाऱ्यानं तारेची खटखट कधी ऐकलेली नाय. दोन शब्दांत एका टोल्याचाच फरक ठेवलाय. हात जरा घसरला की विकायचं ते खरेदी होतं." नुसता बोलून थांबला नाहीस. पाळी संपल्यावर सात सोबती घेऊन अकरा महिने एकेक शब्द यंत्रावर वाजवलास, समोरच्याला लिहायला लावलास, चुका मोजल्यास. यादीतले सहाशे चाळीस शब्द धोक्याचे निघाले. प्रत्येकापुढे किती वेळा वाजवला, किती वेळा चुकला, बदली शब्द कोणता. असली वही मुंबईत दुसऱ्या कोणी केली नसती.

अर्जाला चार जोडपत्रं ठरली होती. चौथं तुझी वही. अर्ज गेला तेव्हा खाली "जोडपत्रे तीन" असं लिहिलेलं होतं.

मी स्वतःला सांगितलं, वही फार जाड आहे. मग सांगितलं, खात्याच्या नोकराने साहेबांना डावलून मत दिलं तर हरेश्वरची नोकरी जाईल, मी त्याला वाचवतोय. हे दुसरं मला इतकं पटलं की, त्या दिवशी मी नीट जेवलोसुद्धा.

खरं असं की, मंडळाच्या साहेबांनी वही चाळली आणि विचारलं, हे कोणाचं काम? माझ्या अर्जाचं त्यांनी नुकतंच कौतुक केलं होतं. वही सोबत गेली असती तर अर्ज तिच्यापुढे फिका पडला असता. शिवाय कोळ्याच्या मुलाचं नाव माझ्या अक्षरांच्या वर बसणार, हे मला सोसलं नाही. एका ताटात जेवलो आपण, हरेश्वर, तरी सोसलं नाही. मी म्हणालो, "कच्चं टिपण आहे साहेब, पाठवण्याजोगं नाही."

आठ महिन्यांनी खात्याकडून उत्तर आलं. "व्यापाऱ्यांनी तक्रार केली आहे, परंतु कोणते शब्द किती वेळा चुकतात याचा पुरावा जोडलेला नाही, सबब विचार करता येत नाही." त्यांनी जे मागितलं ते माझ्या ट्रंकेत पडलं होतं.

त्याच संध्याकाळी तू विचारायला आलास. मी काय बोललो ते तुला पाठ असेल. "वही युरोपात पोचली, परिषदेनं पाहिली, त्यांना ती निरुपयोगी वाटली." तू म्हणालास, "तू पाठवलीस तरी, रघ्या. आणखी कोणी पाठवली असती?" पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन तू भावकीच्या होडीवर गेलास. मला वाटलं, समुद्राची ओढ. वाटलं कुठलं, मी तसं वाटवून घेतलं.

वही वहिनींच्या पाटीतून पाठवतो आहे. एक पानही हललेलं नाही. तिच्यात परीक्षेच्या अर्जाचा नवा कागद आहे. मुदत दहा जानेवारीची. आज सकाळी मंडळाला लेखी कळवलं की चौथं जोडपत्र मी काढलं, आणि ते कोणाचं होतं तेही. पुढच्या परिषदेच्या वेळी ते मागतील. द्यायचं की नाही ते तू ठरव. माझं काय करायचं ते मंडळ ठरवील.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. लहूला मात्र अडवू नकोस. त्याला खरं काय ते सांग. युरोपात कोणीही तुला नापास केलेलं नाही. तुझी वही गिरगावच्या पुढे गेलीच नव्हती. तुझा निकाल लावणारा एकटा मी होतो.

रघुनाथ