आम्ही तुमे, तुम्ही आमे

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (निकालापासून कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं जमिनीला टेकली तेवढी गोड मानून घे.) तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली आणि निघाल्या निघाल्या तू लेकीच्या घरातली जळमटं दाखवायला लागलीस, हे फोनवर कळलं. म्हणजे नजर साफ आली. इकडे आम्ही खुशाल आहोत. पक्ष आपटला, मी आपटलो आणि दुकानातली इस्त्रीही आपटली, पण तिघांपैकी इस्त्रीच तेवढी दुरुस्त होण्यासारखी आहे, असं तुझ्या सुनेचं मत. (मत म्हणजे विचार. दुसऱ्या मताबद्दल मी तिला अजून विचारलेलं नाही. संसार करायचा आहे.)

तू मतदान करून ऑपरेशनला गेलीस, म्हणून पुढची हकिकत सांगतो. आमच्या किटली निशाणीचं पाणी विरोधकांच्या बादलीने कुठल्या कुठे वाहून नेलं. मिरवणुकीसाठी हार सांगून ठेवला होता, तो वेळेवर आला. दुसरी हार न सांगता आली. अनामत तर गेलीच, पण आपल्या गल्लीच्या पेटीत मला जी मतं निघाली ती आपल्या घरातल्या मतदारांपेक्षाही कमी होती. मोजणाऱ्या बाईंनी माझं तोंड बघून पुन्हा मोजली. तेवढीच भरली. तेव्हापासून घरात कोणी ताट वाढलं की मी आधी वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

पक्षाच्या कचेरीत आठवडाभर सुतक होतं. भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, त्यामुळे आत्मचिंतन उभ्यानेच झालं. शेवटी अध्यक्षसाहेबांनी हुकूम सोडला, की घरोघर जा आणि मत का दिलं नाही ते विचारा. आम्ही गेलो. लोकांनी बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, "आम्ही तर तुम्हालाच दिलं." खिशावर बादलीचा बिल्ला लावलेल्या एका गृहस्थांनीही हेच सांगितलं. (बिल्ल्यावर हात ठेवून सांगितलं.) सगळी बेरीज केल्यावर आम्ही प्रचंड बहुमताने निवडून आलो होतो, आणि अध्यक्षसाहेब हारवाल्याला पुन्हा फोन लावायच्या बेतात होते.

पण मावशी, मी शिंपी माणूस. गिऱ्हाईक "शर्ट छान झालाय" म्हणालं तर दिवाळं निघेपर्यंत आपलं असतं, आणि "छानच झालाय" म्हणालं की पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. मी साहेबांना म्हटलं, ज्यांनी दिलं ते "दिलं" म्हणतात, ज्यांनी नाही दिलं त्यांना "च" लागतो. साहेबांची नजर कचेरीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गेली. तिथे पुरुषभर उंचीच्या अक्षरांत आमची घोषणा आहे, "आम्हीच तुमचे, तुम्हीच आमचे." साहेब म्हणाले, "हा च आपल्याला नडला." लगेच पेंटरला बोलावून बजावलं, की या भिंतीवर एकही च दिसता कामा नये, आणि घरी जाऊन झोपले.

पेंटर आज्ञाधारक निघाला. त्याने सगळे च काढले. "तुमचे"मधलाही काढला, "आमचे"मधलाही काढला, आणि मात्रा उरल्या त्या वाया कशाला घालवायच्या म्हणून शेजारच्या म वर ठेवून दिल्या. सकाळी साऱ्या रस्त्याने वाचलं, "आम्ही तुमे, तुम्ही आमे." साहेबांना बातमी कळली आणि ताप भरला. कचेरीत मी एकटा.

लोक हसायला आले. आजवर सभेला पोरंबाळं धरून जेवढे जमायचे नाहीत तेवढे फुकटात जमले. "तुमे म्हणजे कोण हो?" असं विचारायला आत शिरायचे. आलेला माणूस हसून हसून दमतो, दमला की टेकतो, टेकला की बोलतो. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "खरं सांगू का? नाही दिलं मत. तुमचा भोंगा माझ्या खिडकीत तोंड घालून बसला होता आणि घरात पोरगी परीक्षेचा अभ्यास करत होती." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी तिलाच चहा पाजला. मग दुसरा म्हणाला, तुम्ही बोलायला येता, ऐकायला कधी येत नाही. तिसरा म्हणाला, माझी पँट तुम्ही आखूड केलीत, तुमच्या हातात वॉर्ड कसा देऊ? (पँट परत मागवली आहे.) साहेबांचा ताप उतरला तेव्हा कचेरीत उभं राहायला जागा नव्हती. रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, "काय तुमे, बरे का?" आणि साहेब चक्क हसले. आता ते भिंतीला कुणाला हात लावू देत नाहीत.

पुढच्या वेळी पुन्हा मी उभं राहावं असं त्यांचं म्हणणं. "तूच" म्हणाले. तेव्हा मी सावध झालो.

डोळ्यात थेंब वेळेवर घाल, आणि ताईच्या घरातली जळमटं थोडी ताईसाठीही ठेव.

तुझा,
आखूड मापाचा भाचा

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहून गेलं. निघताना रिक्षात बसता बसता तू माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणालीस, "मत तुलाच दिलं रे बाळा." तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आता तो च मला झोपू देत नाही. किटलीलाही कडी, बादलीलाही कडी. मोतीबिंदूत शिक्का चुकला असेल तर तसं लिही. मुद्दाम चुकवला असशील तरी लिही, कारण भोंगा तुझ्याही खिडकीसमोर होता हे मला आत्ता आठवतंय. मला काजं करायला शिकवलंस तेव्हा चुकलेला टाका तू माझ्याकडूनच उसवून घ्यायचीस, पण कधी रागावली नाहीस. मीही रागावणार नाही. उभं राहायचं की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन. एक ओळ पुरे. फक्त तिच्यात च नको.

ता. क. दुसरा : तुझ्या सुनेने आत्ताच पत्र वाचलं. म्हणाली, "मावशींना कशाला छळता? निदान मी तरी तुम्हालाच दिलं होतं ना!"