पलंगाखालची फळी

दि. ३ मार्च

ती. वन्सं,

नमस्कार. मी बरी आहे, डावा गुडघा सोडला तर. तुमच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना?

तुमचं पत्र मिळालं. दोन वर्षांनी आलं आणि चारच ओळींचं, तरी मी ते फ्रिजवर चिकटवलंय. हो, ह्यांची ती आत पलंग, ओटा, संडास असलेली फिरत्या घरासारखी गाडी अजून आहे. चालूही होते. ह्यांनी तुम्हाला समुद्र दाखवायचा शब्द दिला होता, तो मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणता तर जाऊ. मी गाडी कशी चालवेन याची काळजी नको. अठरा वर्षं दुधाची गाडी चालवलेली बाई आहे मी, ही तिच्याहून हातभर लांब असेल.

शेवटच्या ओळीत तुम्ही एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर देते, पण आधी गाडीचं सांगते.

दार उघडलं आणि मला अंगणातच ओकारी आली. हे गेल्यापासून दोन वर्षं कुलूप होतं, त्यात ती मुळातच पंचवीस वर्षांची. पुढच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. स्पंज कुरतडून त्याचं घर, घरात गुलाबी पिल्लं, आणि पिल्लांखाली त्यांच्या आधीच्या पिल्लांची वाळलेली कातडी. छोट्या फ्रिजच्या आत काळी लव उगवली होती, मांजराच्या पाठीसारखी दाट. त्यात एक वाटी होती. वाटीत काय होतं ते सांगता येणार नाही, कारण ते सांगण्याजोगं राहिलंच नव्हतं. चमच्यांच्या खणात झुरळांची अंडी. पडदे तेलकट, हाताला चिकटणारे. मी नाकाला फडकं बांधलं, ह्यांना चार शिव्या घातल्या, या वयात समुद्र पाहायची हौस म्हणून तुम्हालाही दोन घातल्या, आणि बादली भरली.

आठ दिवस घासतेय. पडदे जाळले, सीट फेकली, सोडा झाला, व्हिनेगर झालं, दारं-खिडक्या उघडून उन्हात ठेवून झालं. सगळं गेलं, वास गेला नाही. मागच्या पलंगापाशी जास्त येतो. ओलसर, गोडसर, पोटात शिरणारा. वन्सं, मला तो ओळखीचा वाटतो. म्हणून आज हात धुऊन पत्राला बसले, आणि आता पुढचं लिहवत नाही. उद्या लिहिते.

दि. ७ मार्च

उद्याचे चार दिवस झाले. मध्ये मेस्त्री येऊन गेला. हा माणूस बोटांनी नाक शिंकरतो, बोटं पँटला पुसतो आणि तोच हात माझ्या घासलेल्या ओट्यावर टेकतो. मी म्हटलं, हात धुऊन आत यायचं. तर म्हणाला, "बाई, तुमच्या गाडीपेक्षा माझा हात स्वच्छ आहे." तो खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त राग आला.

तो यायच्या आधी मला गाडीचं माहितीपुस्तक सापडलं होतं, स्टिअरिंगशेजारच्या कप्प्यात. तुम्हाला माहीत आहे, कागद दिसला की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर शिकले. हे म्हणायचे, हिला औषध दिलं की ही आधी बाटली वाचते, तोवर ताप उतरलेला असतो. पुस्तकात लिहिलं होतं की संडासाच्या टाकीच्या तोंडाशी रबरी वायसर असतो, तो दर पाच वर्षांनी बदलावा, नाहीतर मैला पलंगाखाली झिरपतो.

मी मेस्त्रीला ते पान दाखवलं. त्याने गादी काढली, फळी उघडी केली. काळी पडली होती. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो भिजलेल्या पावात शिरावा तसा आत गेला. म्हणाला, हा वास उंदरांचा नव्हे, हे चार वर्षं तरी गळतंय. मी पुन्हा विचारलं. चार, जास्तच, म्हणाला. मग फळीकडे बघत त्याने विचारलं, "यावर कोणी झोपत होतं का?"

मी नाही म्हणाले.

आता तुमचा प्रश्न. त्याला गाडीत झोपायला खरंच आवडायचं का, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही आलात त्या दिवशी हे गाडीत पडले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मी काही बोलायच्या आत हेच हसून म्हणाले, "ताई, इथे वारा छान लागतो." तुम्हाला ते पटलं नाही. तुम्ही चहा न घेता गेलात आणि परत आला नाहीत. तुमचं बरोबर होतं.

मीच पाठवलं होतं. आतड्याच्या ऑपरेशननंतर ह्यांच्या पोटावर शौचाची पिशवी लावली होती. डॉक्टर म्हणाले होते, नीट बदलली तर वास येत नाही. हे नीट बदलायचे. मला तरी यायचा. मी ताट उचलून दुसऱ्या खोलीत जेवायला बसायचे. एक दिवस तेही जमेना, तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही गाडीत झोपा. मला घास उतरत नाही." हे चिडले नाहीत. उशी घेतली, रेडिओ घेतला आणि गेले. चार महिने. चहा मी पायरीवर उभी राहून, हात लांब करून द्यायचे. तिथेही वास यायचा आणि मला वाटायचं, बरं झालं बाहेर ठेवलं.

ह्यांनाही तो वास आपलाच वाटत होता. परवा गादीखाली रुमालांच्या पुरचुंड्या मिळाल्या, साबणाचे तुकडे बांधलेल्या. सात. रुमाल तुम्ही शिवून पाठवलेलेच. दोन उशाशी, पाच दाराच्या बाजूला, मी कप घेऊन उभी राहायचे तिथे. दिवसातून तीनदा अंघोळ करायचे, तर मी पाण्यावरून कुरकुरायचे.

पुस्तक तेव्हाही गाडीतच होतं. बाटल्या वाचणारी मी, त्या गाडीत पाऊल टाकत नव्हते.

मेस्त्री वायसर बदलणार होता, मी त्याला घरी पाठवलं. फळी मी काढली, टाकी मी धुतली, वायसर मी बसवला. कोपरापर्यंत हात घालावा लागतो. इतकं घाण काम जन्मात केलं नव्हतं. यावेळी नाकाला फडकं बांधलं नाही.

नवी फळी बसली आहे. चौदा तारखेला सकाळी आठला गाडी तुमच्या दाराशी आणते. हॉर्न वाजवणार नाही. हे वाचून यावंसं वाटलं नाही तर दार उघडू नका, मी अर्धा तास थांबेन आणि एकटी पुढे जाईन. आलात तर तुमची जागा पुढे, खिडकीशी. मागच्या पलंगावर मी झोपणार आहे.

तुमच्या भावाला घराबाहेर ठेवणारी,
तुमची भावजय