दाब, धर, सोड

अण्णा, तुमच्या सुनेनं परवा शुक्रवारी गाडीचा क्लच दुरुस्त केला. गाडी जुनी जपानी, दोन सीटची, छत मागं दुमडणारी, लाल. आमच्या खात्यातला एक इंग्रज नोकरी संपवून कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्यानं ती विकायला काढली आणि हिनं हट्टानं घ्यायला लावली. इथं सौदीत बायका गाडी चालवायला लागल्या त्याला आता काही वर्षं झाली, पण गिअरची गाडी पुरुषसुद्धा फारशी चालवत नाहीत. ही चालवते. सुट्टीच्या दिवशी सकाळी छत उघडून रास तनुराच्या समुद्राकडं नेते, मी शेजारी पिशवी सांभाळत बसतो. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, ती माझी आश्रित, गाडीच्या कागदावर नाव माझं, पण किल्ली कायम तिच्या पर्समध्ये. तुम्ही असता तर बॉनेटवरून एकदा हात फिरवला असता आणि तुम्हीही किल्ली तिच्याच हातात दिली असती. हे लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतंय, खोटं कशाला बोलू.

मी इकडं आलो तेव्हा माझी पोस्ट लहान होती, फॅमिली व्हिसा मिळत नव्हता. आई जाऊन वर्ष झालेलं. म्हणून ही कराडला तुमच्याजवळ राहिली, चार वर्षं. मी वर्षातून एकदा महिनाभर यायचो, पाहुण्यासारखा. बी.कॉम. झालेली मुलगी, चहा घेऊन तुमच्या गॅरेजमध्ये यायची आणि कप परत न्यायला थांबायची, आणि थांबता थांबता काय काय शिकून गेली ते मला कुणी सांगितलंच नाही. फोनवर तुम्ही मला विचारायचात, 'जेवलास का, पगार वेळेवर होतो का,' आणि 'धर, हिच्याशी बोल' म्हणून रिसीव्हर तिच्याकडं द्यायचात. मागून तुमचं हसू ऐकू यायचं. माझ्याशी बोलताना तुम्ही कधी हसलेलं मला आठवत नाही. चौथ्या वर्षी तुम्ही गेलात. माझा पासपोर्ट कफीलकडं, म्हणजे इथल्या मालकाकडं, सही करणारा साहेब सुट्टीवर. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस उलटला होता. शेवटचं पाणी तुम्हाला तिनं पाजलं होतं.

याला वीस वर्षं होऊन गेली. एवढी वर्षं हे मनात दबून होतं, पण ती गाडी दारात आली आणि तुम्ही घरात येऊन बसलात. उठता-बसता तुमचं नाव. मी एकदा, एकदाच, गाडी चालवायला घेतली तर म्हणाली, 'अहो, क्लचवर पाय ठेवून बसू नका. अण्णा म्हणायचे, पायाला विसावा हवा असेल तर खाट घे.' मी म्हटलं, हे मला तर कधी बोलले नाहीत. ती सहज म्हणाली, 'तुम्ही कुठं होता?' तिच्या मनात काही नसेल. माझा तो आठवडा मात्र खराब गेला. तीस वर्षं मी पंप आणि टर्बाइनच्या देखभालीत घालवली, माझ्या सहीशिवाय मोठं मशीन सुरू होत नाही, आणि माझ्याच बापाचं गॅरेज मला माझ्या बायकोकडून ऐकावं लागतं!

त्यानंतर दोनेक आठवड्यांत पेडल चिकटायला लागलं. दाबलं की खाली जायचं, पण वर यायला कुरकुरायचं. ऊन तापलं की खालीच राहायचं, मग बुटाचं टोक घालून उचलायचं. मी कागद घेतला, शक्यतांची यादी केली. पायाखालची चटई अडकते का, बिजागरीत वाळू गेली का, स्प्रिंग ढिली झाली का. एकेक तपासून खूण केली. आमची मुलगी पुण्याहून व्हिडिओवर बघत होती. म्हणाली, 'पपा, जस्ट लिसन टू मम्मा ना.' हिनं चप्पल काढली, अनवाणी पायानं पेडल तीनदा दाबलं, डोळे मिटून. तुम्ही बसायचात तशीच, मान डावीकडं थोडी कलवून. ती मान माझ्याकडं यायला हवी होती, अण्णा. रक्त माझं आहे.

'पेडलला काही झालेलं नाही,' ती म्हणाली. 'तेल पुढं जातंय, त्याला माघारी यायला वाट नाही.' बॉनेट उघडून तिनं क्लचच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं. झाकणाच्या आतलं रबर फुगून एवढं झालेलं की परत बसेना. मला म्हणाली, 'आतून एका वाटीत पाणी आणा.' मी स्टीलची आमटीची वाटी भरून आणली. तिनं डबीतल्या तेलाचे दोन थेंब त्यात सोडले. क्लचलाही ब्रेक ऑइलच लागतं, आणि खरं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. हे वर तरंगत राहिलं, रश्श्यावर यावा तसा तवंग. 'यात कुणीतरी दुसरंच तेल ओतलंय. आतली सगळी रबरं फुगली असणार,' ती म्हणाली. मी म्हटलं, 'त्या इंग्रजानं ओतलं असेल.' वाटीकडं बघतच ती म्हणाली, 'असेल.'

ते मी ओतलं होतं. घरातल्या जॅकसाठी आणलेलं हायड्रॉलिक तेल. डबीतली पातळी जरा खाली दिसली म्हणून, घाईत, डब्यावरचं न वाचता. निदान त्या दिवशी वाटीसमोर उभा राहून मी स्वतःला असंच सांगत होतो.

आठवडाभरात दम्मामच्या पार्टच्या दुकानातून सिलिंडरचं किट आणि नवी नळी आणली. दुकानदार मल्याळी. 'भाईसाब, कौनसा मॉडेल?' असं मला विचारायचा आणि उत्तर ही द्यायची. शेवटी तो तिच्याशीच बोलायला लागला, मी नुसता पिशवी धरून उभा. परवा सकाळी ऊन चढायच्या आत तिनं फुगलेली रबरं काढली, नळी बदलली, सगळं धुऊन घेतलं. आता आतली हवा काढायची राहिली. ते काम एकट्याचं नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. एकानं पेडल मारायचं, दुसऱ्यानं खाली स्क्रू उघडायचा. ती गाडीखाली गेली, मी सीटवर बसलो. 'दाब,' ती खालून म्हणाली. मग 'धर.' मग 'सोड.' मला ती कधी अरेतुरे करत नाही. ते शब्द तिचे नव्हतेच, तुमचे होते, तुमच्याच चालीत. लहानपणी शाळा सुटल्यावर मी तुमच्यासाठी पेडल मारायचो, तेव्हा आपल्यात एवढंच बोलणं व्हायचं: दाब, धर, सोड. मला ते पुरायचं.

तेवढ्यात ती खालूनच बोलायला लागली. तोंड दिसत नव्हतं, नुसते पाय दिसत होते. 'डॉक्टरांच्या गाडीत तुम्ही ब्रेकमध्ये इंजिन ऑइल ओतलं होतं ना, चौदा वर्षांचे असताना? अण्णांनी मला सांगितलं होतं.' कसं विसरेन? चाकं जाम झाली, गिऱ्हाईक दारात उभं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर तेलकट हातानं माझ्या थोबाडीत दिलीत. 'उद्यापासून हितं पाय ठेवायचा न्हाई. पुस्तकं घिऊन बस.' बसलो. शिकलो, इंजिनिअर झालो. लोक म्हणतात अण्णांनी पोराला मार्गाला लावलं. मला तेव्हाही ती हकालपट्टी वाटली होती, आजही वाटते. 'दाब,' ती म्हणाली. मी दाबलं. 'ते म्हणायचे, पोराला मारायला नको हुतं. हात धरून दाखवायला हवं हुतं. एक वाटी पाणी घ्यायला कितीसा वेळ लागतोय? म्हणून तर त्यांनी मला आधी ते वाटीचं शिकवलं. धर.' मी विचारलं, 'किती वेळा म्हणाले?' ती म्हणाली, 'कितीतरी वेळा. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही आलात की गप्प व्हायचे. सोड.'

मी सोडलं. पेडल झपकन वर आलं, तळपायाला लागलं.

खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा मनात आलं ते हे की माफीसुद्धा तिलाच मिळाली. चार वर्षं तुम्ही ती तिच्याजवळ मागत राहिलात आणि ती माझी होती. रडू आलं, रागानं की कशानं ते कळलं नाही. तिनं खालून विचारलं, 'झालं का हो?' मी म्हटलं, 'झालं.'

दुपारी मी जॅकच्या तेलाचा डबा टाकून द्यायला कपाट उघडलं. डबा तिथं नव्हता. त्या जागी ब्रेक ऑइलचा नवा सीलबंद डबा होता, खाली स्वच्छ फडकं. म्हणजे तिला कळलंय. आणि ती समजून चाललीय की मी चौदाव्या वर्षी चुकलो तसाच पुन्हा चुकलो, म्हणून तुमची माफी तिनं त्या कामात माझ्या हवाली केली, मला खाली बघायला लागू नये अशी. संध्याकाळी तिनं पानं घेतली. भाजी वाढली, म्हणाली, 'उद्या कामावर लवकर जायचंय ना?'

हे पत्र मी डायरीत ठेवणार नाही, टेबल पुसताना-आवरताना डायरी तिच्या हाती लागते. फाडणार आहे. म्हणून एवढं लिहून टाकतो. मला वाटत होतं, गाडी बंद पडावी, आणि निदान एकदा तरी तिनं माझ्याकडं वळून म्हणावं, 'अहो, जरा बघा ना.' ब्रेकची डबी वेगळी आहे, तिला इजा होणार नाही, हे मी आधी पाहून घेतलं होतं.

डब्यावरचं मी वाचलं होतं, अण्णा.